वडिलांच्या गुलाबाचं एकच फळ उरलंय. बी लावू का? (ठाणे)

गॅलरीतली माती | ९ मार्च, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि जानेवारीत आम्ही पाचपाखाडीत भाड्याच्या घरात आलो. सामानाबरोबर टेम्पोतून कुंड्याही आणल्या. त्यात बाबांचा गुलाब होता. माझ्या बारावीच्या वर्षी, म्हणजे २००५ साली, राणीच्या बागेतल्या प्रदर्शनातून त्यांनी तो आणला होता. फिकट गुलाबी, पाकळ्यांच्या कडा किंचित गडद, आणि सकाळी दूध आणायला दार उघडलं की जिन्यापर्यंत वास. नाव आम्हाला कधीच कळलं नाही, चिठ्ठी पहिल्याच पावसात गेली.

टेम्पोतून उतरवताना कुंडी फुटली आणि मातीचा गोळा मोकळा झाला. मी लगेच दुसऱ्या कुंडीत लावला, पण इथली गॅलरी पश्चिमेची आहे, दुपारी दोननंतर भाजून निघते. फेब्रुवारी संपेपर्यंत एकेक फांदी काळी पडत गेली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली आहेत, त्यामुळे हे लिहितानाही मला जड जातंय.

वाळलेल्या एका फांदीवर सुपारीएवढं नारिंगी फळ आहे. बाबा फूल कोमेजलं की दोन पानांखाली कापायचे, म्हणून गुलाबाला फळ धरलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. यंदा आवराआवरीत कापायचं राहून गेलं. यात बी असेल ना? ते लावलं तर तोच गुलाब येईल का? आणि ठाण्याच्या हवेत गुलाबाचं बी उगवतं का?

येऊरची वाट | ९ मार्च, रात्री ११.०५

आधी झाड टाकू नका. बुंध्याला नखाने हलकेच खरवडून बघा. सालीखाली हिरवं दिसलं तर जीव आहे.

गॅलरीतली माती | १० मार्च, सकाळी ७.१५

खरवडलं. वर सगळं तपकिरी. पण मातीलगत, अगदी बुडाशी, बोटाच्या पेराएवढा एक हिरवा फुटवा दिसतोय! तो वाढवला तर तोच गुलाब परत येईल का?

खुंट आणि डोळा | १० मार्च, सकाळी ९.३०

ताई, मी खारघरला असतो. निवृत्त झाल्यापासून गच्चीवर गुलाबच करतो. तुमच्या फुटव्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण खोटी आशा लावणं बरं नाही.

नर्सरीतला गुलाब म्हणजे दोन झाडं एकत्र असतात. खाली खुंट, म्हणजे रानटी किंवा अर्धरानटी गुलाबाची मुळं. त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा एक अंकुर, भरलेला असतो. बुंध्याशी जी गाठ दिसते तो डोळ्याचा सांधा. फुटवा त्या गाठीच्या वरून असेल तर तो बाबांचा गुलाब. गाठीखालून असेल तर तो खुंट. एका देठावर पानं सात असली की खुंट, असं लोक सांगतात, त्यावर जाऊ नका. चांगल्या जातीच्या गुलाबालाही सात पानं येतात. माती थोडी बाजूला करून फुटवा कुठून निघालाय तेवढं बघा.

गॅलरीतली माती | १० मार्च, सकाळी १०.४०

माती बाजूला केली. गाठीच्या खालून आहे.

खुंट आणि डोळा | १० मार्च, सकाळी ११.१०

म्हणजे वरचा गुलाब गेला, पण त्याला वीस वर्षं पोसणारी मुळं जिवंत आहेत. एरवी असा फुटवा आपण मुळापासून ओरबाडून काढतो. तुम्ही काढू नका. कुंडी दुपारच्या उन्हातून हलवा आणि फुटवा वाढू द्या. का ते पुढे सांगतो.

आता फळाचं. फळ झाडावरच पूर्ण नारिंगी झालंय आणि दाबून किंचित मऊ लागतंय, तर आजच तोडा. परागीकरणापासून फळ पिकायला साधारण साडेतीन-चार महिने लागतात, म्हणजे तुमचं नोव्हेंबरच्या फुलाचं असणार. सुरीने मधोमध कापू नका, बिया चिरतात. वरची साल सोलल्यासारखी काढा आणि सुईने एकेक बी सुटं करा. हातमोजे घाला किंवा हात ओले ठेवा, आत बारीक केस असतात आणि ते कातडीला खाजतात. बियांना चिकटलेला गर पूर्ण धुऊन काढा, कारण गर राहिला तिथे बुरशी धरते.

मग मोजा आणि इथे लिहा. एका फळात चार-पाचही निघतात आणि तीसही.

गॅलरीतली माती | १० मार्च, दुपारी ३.००

सतरा! मळकट पांढऱ्या, कोनेदार, तांदळाच्या कणीपेक्षा मोठ्या. पाण्यात टाकल्या तर पाच तरंगल्या. त्या टाकून देऊ?

खुंट आणि डोळा | १० मार्च, दुपारी ३.२५

टाकू नका. तरंगणारं बी बहुधा पोकळ असतं, पण नेहमीच नाही. मी तरंगलेल्यातूनही रोपं काढली आहेत. तुमच्याकडे सतराच आहेत, एकही वाया घालवायचं नाही.

फळ्यावरचा खडू | १० मार्च, रात्री ८.४५

मी ठाण्यातच अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. ‘तोच गुलाब येईल का’ हा प्रश्न मागे पडला म्हणून लिहिते.

तोच येणार नाही. आजचे गुलाब पिढ्यान्पिढ्यांच्या संकरातून आलेले आहेत. एका झाडात चिनी, युरोपीय आणि पश्चिम आशियाई गुलाबांचा वारसा मिसळलेला असतो. बी तयार होताना हा सगळा पत्त्यांचा कॅट पुन्हा पिसला जातो. म्हणून तुमच्या गॅलरीत मधमाशी आली नसेल आणि फुलाने स्वतःच्याच परागांनी फळ धरलं असेल, तरीही सतरा बियांमधून सतरा वेगळी झाडं निघतील. रंग, पाकळ्या, वास, काटे, उंची, सगळं वेगळं. वडिलांचा गुलाब जसाच्या तसा हवा असेल तर त्याच झाडाची फांदी किंवा डोळाच लागतो.

पण एक आनंदाची गोष्ट आहे. वर्षभर फुलत राहण्याचा गुण गुलाबात अप्रभावी असतो, दोन्ही पालकांकडून यावा लागतो. तुमचा गुलाब वर्षभर फुलायचा, आणि त्याचे पराग त्याचेच असतील किंवा शेजारच्या अशाच गुलाबाचे असतील, तर रोपंही तशीच होतील आणि उगवल्यावर दोन-अडीच महिन्यांत पहिलं फूल दाखवतील. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या गुलाबांच्या रोपांना मात्र दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

शिवाय बी आणि पालक यांची नोंद नसताना मोठ्या गोष्टी झाल्या आहेत. फ्रान्समध्ये लिऑनचे गुलाब तयार करणारे गियो यांना त्यांच्या बीरोपांत एक गुलाब सापडला, ‘ला फ्रान्स’ नावाने तो १८६७ साली पुढे आला, आणि त्यालाच हायब्रिड टी, म्हणजे मोठ्या फुलांच्या आधुनिक गुलाबांच्या गटातला पहिला गुलाब मानतात. त्याचे आईबाप कोण हे खुद्द गियोंनाही खात्रीने सांगता आलं नाही.

गॅलरीतली माती | १० मार्च, रात्री ९.३०

खरं सांगायचं तर वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण कळलं ते बरं झालं. तरीही बी लावायचं आहे. तोच नाही, तर त्याच्यापासून झालेला तरी गुलाब असेल.

कळव्याची खाडी | १० मार्च, रात्री १०.१०

ताई, तुमच्या बाबांनी कधी कोणाला फांद्या दिल्या होत्या का? आमच्या चाळीत छाटणीनंतरच्या काड्या सगळे मागून न्यायचे. जुन्या इमारतीतल्या लोकांना विचारून बघा. कोणाकडे तरी लागली असेल.

गॅलरीतली माती | १० मार्च, रात्री १०.३०

द्यायचे! दर ऑक्टोबरला छाटणी केली की वर्तमानपत्रात गुंडाळून वाटायचे. सगळे आता पांगलेत, कोण कुठे भाड्याने, कोण गावी. पण विचारते. हे मला सुचलंच नव्हतं.

ऐरोलीकर | ११ मार्च, सकाळी ८.००

मधेच विचारतो, माफ करा. मी एका संकेतस्थळावरून निळ्या आणि सप्तरंगी गुलाबाचं बी मागवलं होतं, पाकिटावर ‘५० बिया’. तीनदा पेरलं. एकदा काहीच नाही, दोनदा गवतासारखं काहीतरी आलं. माझं काय चुकलं?

फळ्यावरचा खडू | ११ मार्च, दुपारी १.१५

तुमचं काहीच चुकलेलं नाही, तुम्हाला फसवलं गेलंय. निळ्या फुलांत बहुधा डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते बनवण्याची सोयच गुलाबात नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने दुसऱ्या फुलाचं जनुक घालून असा गुलाब तयार केला, २००९ मध्ये तो जपानात विक्रीला आला, आणि त्याचाही रंग जांभळटच आहे. सप्तरंगी गुलाब तर झाडावर नसतोच. पांढऱ्या फुलाचा देठ उभा चिरून प्रत्येक भाग वेगळ्या रंगाच्या पाण्यात ठेवतात आणि रंग पाकळ्यांत चढतो. त्याला बी कुठून येणार?

खुंट आणि डोळा | ११ मार्च, दुपारी २.००

ऐरोलीकर, तुमच्या वसाहतीतल्या कुठल्याही फुलत्या गुलाबावर दोन फुलं कोमेजल्यावर न कापता ठेवा. त्यातलं एखादं फळ धरलं तर पाकिटापेक्षा शंभर पटीने खरं बी मिळेल, आणि ते इथल्या हवेत वाढलेल्या झाडाचं असेल.

आता ताईंच्या सतरा बियांबद्दल सविस्तर लिहितो, कारण पुस्तकांत जे असतं ते थंड मुलखाचं असतं आणि तसंच्या तसं केलं की आपल्याकडे फसतं.

गुलाबाच्या बीला झोप असते. टरफल टणक असतं आणि त्यात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. थंड देशांत बी हिवाळाभर ओल्या, गार मातीत पडून राहतं, ती द्रव्यं हळूहळू ओसरतात आणि वसंतात कोंब येतो. आपल्याकडे जानेवारीच्या रात्रीही पंधरा-सोळा अंशांच्या खाली क्वचित जातात. तो हिवाळा आपल्याला फ्रीजमध्ये द्यावा लागतो. चार-पाच अंश, आठ ते दहा आठवडे, आणि बी ओलसर. कोरडं बी फ्रीजमध्ये ठेवल्याने ते टिकतं, पण जागं होत नाही. हे दोन्ही वेगळं आहे आणि नेमकं याच जागी बहुतेकांचं चुकतं.

करायचं असं. केमिस्टकडे मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, तेवढंच पाणी मिसळा, बी त्यात तासभर ठेवा आणि धुवा, म्हणजे बुरशी कमी येते. मग रात्रभर साध्या पाण्यात. सुती कापड भिजवून इतकं पिळा की दाबल्यावर थेंब पडू नये. त्यात बी गुंडाळून झिपच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा भाजीच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही. डब्यावर ठळक अक्षरात ‘बी आहे, टाकू नये’ असं लिहा. माझा एक डबा सुनेने शिळं काहीतरी समजून धुऊन टाकला होता, तिची चूक नव्हती. आठवड्यातून एकदा उघडून बघा. बुरशी दिसली तर धुवा आणि कापड बदला. कधी कधी फ्रीजमध्येच कोंब फुटतो, तेव्हा वाट न पाहता मातीत घाला.

आता मुख्य मुद्दा, वेळ. आज ओलं केलं तर मे महिन्याच्या मध्यात पेरणी येते. मे म्हणजे भट्टी, आणि लगेच मागून पाऊस. बी जागं झाल्यावर त्याला अठरा ते बावीस अंश आवडतात. जास्त उकाडा लागला तर ते पुन्हा झोपतं. आणि उगवलंच तर जुलैच्या दमटपणात कोवळं रोप बुडाशी सडतं.

म्हणून मी स्वतः एक साधं गणित धरतो. गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण पंचावन्न दिवस असतात, म्हणजे आठ आठवडे. गणपती बसले की बी ओल्या कापडात. दिवाळी झाली की मातीत. तोवर ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो आणि पुढे तीन महिने कोकणपट्टीला मिळतो तेवढा गारवा रोपांना मिळतो. गणपतीपर्यंत बी धुऊन, सावलीत दोन दिवस सुकवून, कागदाच्या पुडीत आणि पुडी घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवायची.

येऊरची वाट | ११ मार्च, दुपारी ४.३०

काकांचं बरोबर आहे, पण सगळी अंडी एका टोपलीत नकोत. फ्रीज बिघडला, लाइट गेली, काहीही होऊ शकतं. थोड्या बिया आत्ता ओल्या करून बघा.

खुंट आणि डोळा | ११ मार्च, दुपारी ५.००

मान्य. सहा आत्ता, अकरा गणपतीला.

गॅलरीतली माती | ८ जुलै, रात्री ९.५०

बऱ्याच दिवसांनी आले. १४ मेला सहा बिया पेरल्या होत्या. पाऊस सुरू होऊन हवा गार झाल्यावर, २१ जूनला, एक उगवली. दोन गोल दलं, मग तीन पानांचं पहिलं खरं पान, कडा करवतीसारख्या. मी रोज ऑफिसला जाण्याआधी बघायचे. परवा संध्याकाळी आले तर रोप आडवं पडलेलं, बुडाशी खोड दोऱ्यासारखं बारीक आणि काळपट. बाकी पाच बियांचं काही नाही.

एवढ्याशा रोपाचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

कळव्याची खाडी | ८ जुलै, रात्री १०.२०

वाटणारच ताई. अकरा आहेत अजून.

खुंट आणि डोळा | ९ जुलै, सकाळी ६.४०

याला रोपं कोलमडणं म्हणतात, मातीतल्या बुरशीमुळे होतं. एकदा पडलेलं रोप वाचत नाही, म्हणून आधीच काळजी घ्यायची. पुढच्या वेळी पेरणीच्या मातीत शेणखत, गांडूळखत काही घालू नका. धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दोन भाग आणि परलाइट, म्हणजे नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे, किंवा धुतलेली जाड वाळू एक भाग. कोकोपीट धुणं आवश्यक, त्यात मीठ असतं. पाणी वरून न घालता ट्रेमध्ये घालून खालून शोषू द्या. वारा खेळता ठेवा, झाकण लावलं तर कोंब दिसताच काढा.

आणि तो फुटवा कसा आहे?

गॅलरीतली माती | ९ जुलै, रात्री ८.००

जोरात! अडीच फूट झालाय. कुंडी स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली आहे. पानांवर काळे ठिपकेही कमी आहेत, शेजाऱ्यांचा गुलाब मात्र ठिपक्यांनी जवळजवळ उघडा पडलाय.

गॅलरीतली माती | ६ सप्टेंबर, रात्री ११.३०

उद्या गणपती. मखर झालं, आणि मखराच्या कामातून वेळ काढून अकरा बिया ओल्या कापडात गेल्या. डब्यावर आईने स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘ह्यांच्या गुलाबाचं बी’.

कळव्याची खाडी | ७ सप्टेंबर, सकाळी ६.५०

गणपती बाप्पा मोरया!

गॅलरीतली माती | ३ नोव्हेंबर, रात्री १०.००

आज भाऊबीज. सकाळी पेरलं. डब्यात दोन बियांना पांढरा कोंब आला होता, त्या दोन्ही कोंब खाली करून अर्धा सेंटिमीटर खोल लावल्या. बाकी नऊ त्याच ट्रेमध्ये दोन-दोन इंचांवर.

आणि दुसरी बातमी. भाऊ बदलापूरला राहतो, त्याच्याकडे गेलो होतो. आमच्या जुन्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या काकू तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेल्या आहेत हे वहिनीला ठाऊक होतं. फराळ घेऊन गेले. दारात, जमिनीत लावलेला, छातीपर्यंत उंच. कळ्या होत्या, एकच फूल उमललेलं. मी जवळ गेले आणि वासानेच ओळखलं. काकू म्हणाल्या, “तुझ्या बाबांनी दिलेली काडी. तीन लावल्या होत्या, एक जगली.”

मला बोलता येईना. काकूंनी पाणी आणून दिलं.

फळ्यावरचा खडू | ३ नोव्हेंबर, रात्री १०.२५

किती छान! हा मात्र तंतोतंत तोच गुलाब आहे, जनुकं तीच. फांदीपासून झालेलं झाड म्हणजे तेच झाड दुसऱ्या जागी.

खुंट आणि डोळा | ४ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

रात्री वाचलं आणि झोप लागेना.

मार्चमध्ये फुटवा काढू नका म्हटलं होतं ते यासाठीच. तुमच्या कुंडीत बाबांच्या गुलाबाची मुळं आहेत, बदलापूरला त्याचा डोळा आहे. जानेवारीत फुटवा पेन्सिलएवढा जाड झाला असेल आणि साल सुटत असेल तर त्याच खुंटावर तोच डोळा भरू. मी ठाण्याला येतो. काकूंना सांगा, ज्या फांदीचं फूल नुकतंच गळलंय अशी फांदी राखून ठेवा. आणताना पानं कापायची पण देठाचे तुकडे राहू द्यायचे, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि त्याच दिवशी लोकलने आणायची.

गॅलरीतली माती | १५ डिसेंबर, रात्री ९.००

अकरापैकी चार उगवली. कोंब आलेल्या दोन्ही १२ नोव्हेंबरला वर आल्या, बाकी दोन २ डिसेंबरपर्यंत. एक कबुतराने उपटली. आता ट्रेवर जाळी बांधली आहे, हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. उरलेल्या तिघींना चार-चार पानं आहेत. कुंडीत हलवू का?

खुंट आणि डोळा | १५ डिसेंबर, रात्री ९.३०

हलवा, पण चार इंचांच्या छोट्या कुंडीतच. मोठ्या कुंडीत माती फार काळ ओली राहते. चमच्याने मुळांसकट उचला, खोडाला न धरता पानाला धरा. पान तुटलं तर दुसरं येईल, खोड चेपलं तर रोप गेलं. आता थोडं गांडूळखत चालेल. सकाळचं तीन-चार तास ऊन द्या आणि पानांवर पांढरी पावडर दिसते का बघा, या दिवसांत भुरी येते.

राहिलेल्या सात बिया टाकू नका. ट्रे तसाच ओला ठेवा. काही बिया पहिल्या वर्षी येत नाहीत, दुसऱ्या वर्षीच्या गारव्यानंतर उगवतात.

ऐरोलीकर | १५ डिसेंबर, रात्री १०.००

माझीही तीन फळं धरली आहेत! अजून हिरवी आहेत. आपल्याला हवे तेच आईबाप निवडायचे असतील तर काय करायचं?

खुंट आणि डोळा | १६ डिसेंबर, सकाळी ७.००

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जी फुलं येतात ती यासाठी सर्वांत चांगली, म्हणजे आत्ताच हंगाम आहे. कळी उद्या उमलेल अशी असताना संध्याकाळी पाकळ्या काढा आणि छोट्या कात्रीने पिवळे परागकोश सगळे काढा, स्वतःचे पराग पडण्याआधी. कागदी पिशवी बांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या कुक्षी चिकट झाल्या की निवडलेल्या बापाचे पराग बोटाने किंवा ब्रशने लावा, परत पिशवी. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. देठाला चिठ्ठी बांधा, आईचं नाव आधी, बापाचं नंतर, तारीख. तीन आठवड्यांनी देठावरची गाठ हिरवी आणि फुगलेली असेल तर जमलं.

फळ्यावरचा खडू | १६ डिसेंबर, दुपारी १२.४०

एक भर. गुलाबाच्या गुणसूत्रांचा मूळ संच सातचा. चिनी गुलाबांत बहुधा चौदा असतात, हायब्रिड टीमध्ये बहुतेक अठ्ठावीस. त्यांचा संकर केला तर एकवीसवाली संतती येते आणि तिला सहसा फळ धरत नाही. त्यामुळे एखादी जोडी वारंवार फसली तर दोष हाताचा नसेल.

आणि हे काम घरी करणाऱ्यांना आपल्याकडे मोठा वारसा आहे. गव्हाच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. बी. पी. पाल १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले, आणि त्यांनी अनेक गुलाबही तयार केले. सनदी नोकरी सोडलेले विराराघवन कोडाईकनालला राहून उष्ण हवेत टिकणाऱ्या गुलाबांसाठी काम करत आले आहेत. त्यात त्यांनी रोझा क्लिनोफिला हा आपल्याच देशातला, पाणथळ आणि गरम जागी वाढणारा जंगली गुलाब वापरला. आपले बहुतेक गुलाब थंड देशांत निवडलेले आहेत, म्हणून तर पावसाळ्यात त्यांची इतकी दशा होते.

गॅलरीतली माती | १९ जानेवारी, रात्री ८.४५

आज काका खारघरहून आले. भाऊ सकाळच्या लोकलने बदलापूरहून फांदी घेऊन आला. खुंटाचा फुटवा पेन्सिलपेक्षा जाड झाला होता. काकांनी टी आकाराची चीर दिली, साल अलगद सुटली, ढालीसारखा कापलेला डोळा आत सरकवला आणि डोळा उघडा ठेवून पट्टी बांधली. दोन डोळे भरले, एक खाली, एक वर. सगळं मिळून दहा मिनिटं. आई बाजूला बसून होती. काका निघताना तिने त्यांना थालीपीठ खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

गॅलरीतली माती | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

पट्टी सोडली. खालचा डोळा हिरवा आहे आणि टपोरा झालाय, देठ हात लावताच गळून पडला. वरचा काळा पडला.

खुंट आणि डोळा | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

देठ आपोआप गळला म्हणजे डोळा जगला. आता खुंट डोळ्याच्या वर चार बोटांवर छाटा. डोळ्यातून फुटवा निघून हातभर झाला की उरलेली चार बोटंही काढू. खुंटाचे बाकी सगळे फुटवे आता खोडून टाका, आता त्यांचं काम संपलं.

गॅलरीतली माती | १६ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

बीवाल्या रोपांचं लिहायचं राहिलं. तिघींपैकी एकीला भुरीने फार धरलंय, वाढ थांबली आहे. दुसरीला मुगाएवढी कळी आहे. तिसरीचं आज पहाटे उमललं.

रोप सात इंचांचं, फूल रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. पाकळ्या मोजल्या, अकरा. बाबांच्या गुलाबासारखा गुलाबी नाही. आत पिवळसर, बाहेर फिकट शेंदरी, दुपारपर्यंत पांढरट होत जातं. वास आहे, पण वेगळा, चहाच्या कोरड्या पत्तीसारखा. आई कुंडीजवळ खाली बसून बराच वेळ बघत होती. “ह्यांना हा रंग आवडला असता,” म्हणाली.

काका, पहिल्या फुलावरून काही सांगता येतं का? याला नाव देऊ?

खुंट आणि डोळा | १६ फेब्रुवारी, सकाळी ९.००

रंग आणि वासाचा साधारण अंदाज येतो, पण पाकळ्यांवर जाऊ नका. पहिल्या फुलाला पाकळ्या कमी असतात, झाड मोठं झालं की वाढतात. फूल फार दिवस ठेवू नका, चार दिवसांनी खुडा, ताकद पानांना जाऊ दे. मार्चपासून दुपारच्या उन्हात हिरवी जाळी लावा आणि पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी ही बारीक कीड येते का बघत राहा.

पिवळसर-शेंदरी आणि चहाचा वास ही तुमच्या बाबांच्या गुलाबाच्या आज्या-पणज्यांपैकी कोणाची तरी देणगी आहे. तो गुलाबी रंगाखाली हे सगळं घेऊन बसला होता.

नाव एवढ्यात नको. मी माझ्या रोपांना पहिला पावसाळा काढल्याशिवाय नाव देत नाही. ऑगस्टमध्ये पानं राहिली, काळ्या ठिपक्यांनी उघडी पडली नाहीत, तर ते ठाण्याचं झाड. तोवर चिठ्ठीवर पेरणीची तारीख आणि क्रमांक पुरे. आणि तिची एक काडी बदलापूरच्या काकूंकडे नक्की पाठवा, पण पुढच्या हिवाळ्यात.

गॅलरीतली माती | १६ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

चिठ्ठी लिहिली. ‘क्रमांक ३, भाऊबीज’. गणपतीत येऊन पानं किती राहिली ते सांगते.